फ्यूजची दिवाळी

न्हाणीतले बंब जाऊन गिझर आले, त्या काळातली ही गोष्ट. गावाला वीज पुरवणाऱ्या जुन्या डीपीला फार गुर्मी होती. शेजारी दुसरी डीपी बसवायला वायरमन केरबाअण्णा जागा मोजू लागले, तशी ती फणफणली, "तीस वर्षं एकटीने गाव उजळलंय. सवत कशाला?"

तिच्यातला फ्यूज म्हणाला, "आक्का, आता घरोघरी गिझर आहेत, रिक्षाही विजेवर चालतात. दर दिवाळीला पहाटे मी जळतो."

"तू मुळातच नाजूक!"

त्याही नरकचतुर्दशीला सगळ्या गावाने एकदम गिझर लावले. रिक्षा चार्जिंगला होत्याच. डीपी तापली, फ्यूज उडाला, अंधार झाला. अंगाला उटणं लावलेली मंडळी कुडकुडत डीपीपाशी जमली. "अण्णा, फ्यूजच्या जागी जाड तार घाला!"

"घालतो की," केरबाअण्णा म्हणाले. "मग तार नाही जळणार, ही म्हातारी जळेल."

आपल्या वाटचं कोण जळत होतं, ते डीपीला आत्ता कळलं. दिवाळी सरताच नवी डीपी आली, तेव्हा तीच म्हणाली, "ये बाई, अर्धं गाव तू घे."

पुढच्या दिवाळीला सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या, तरी फ्यूज शाबूत होता. दारोदारच्या पणत्या बघून तो हरखला. "आक्का, दिवाळी अशी दिसते होय!"