भाऊसाहेबांच्या गाडीतला पिवळा दिवा

भाऊसाहेब धुमाळांच्या नव्या डिझेल गाडीत, स्टिअरिंगसमोर, इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला आणि मुरलीधर ड्रायव्हरच्या नोकरीवर गदा आली.

"रविवारी व्याही येणार आहेत," भाऊसाहेब म्हणाले. "त्यांना या गाडीतून गावभर मिरवायचं आहे. तोवर दिवा विझला पाहिजे. नाहीतर तू दुसरं काम बघ."

"मालक, वर्कशॉपला फोन केलता," मुरली म्हणाला. "ते म्हणाले, धुरातली काजळी आडवायला डिझेल गाडीला एक जाळी असती. ती तुंबलीया. हायवेला काढून गाडी चांगली पळवा. जाळी तापली की काजळी जळून जाती आन् दिवा इझतो."

"हायवेला? माझी गाडी?" भाऊसाहेबांच्या मिशा थरथरल्या. "तिथली धूळ, उडणारी खडी, ते ट्रकवाले! गाडी गावाच्या वेशीबाहेर जाणार नाही आणि दिवा विझणार. कसा, ते तुझं तू बघ."

झालं! कोळेगावात भाऊसाहेबांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती.

तसं पाहिलं तर चूक गाडीची नव्हतीच. एवढी उंचीपुरी, डोंगर चढायच्या ताकदीची गाडी, आणि ती जायची कुठे? घरापासून चावडीपर्यंत. तोंडातलं पान चघळून व्हायच्या आत हा प्रवास संपायचा. मग भाऊसाहेब गप्पा मारत आत बसायचे आणि गार हवेसाठी इंजिन तिथेच घरघरत राहायचं. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं. पाहुण्यांनी चपला मांडीवर घेऊन बसायचं आणि उतरताना घामाने चिकटलेली पाठ सोडवून घ्यायची. एवढं जपूनही गाडी आजारी कशी पडली, हेच भाऊसाहेबांना कळत नव्हतं.

मुरलीने आपल्या परीने करून पाहिलं. शेडमध्येच गाडी उभी ठेवून अख्खी दुपार इंजिन चालवलं. पत्र्यावरची कबुतरं उडून गेली, मालकीणबाई माईसाहेबांचं डोकं दुखायला लागलं, दिवा मात्र जिथल्या तिथे. उलट आता तो लुकलुकायला लागला.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. त्याची बायको गजरा भाऊसाहेबांच्याच घरी स्वयंपाकाला होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या दुपारी तुमी सैपाकघराच्या दाराशी हुबं ऱ्हावा. मी काय बी बोलले तरी मधी पडू नका."

मुरलीला रात्रभर झोप लागली नाही. आता एक नाही, दोन नोकऱ्या जाणार, अशी त्याची खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गजराने मासवडीचा बेत केला. सोबत झणझणीत रस्सा, बाजरीच्या भाकरी आणि वर तुपात भिजलेला शिरा. भाऊसाहेब आडवा हात मारून जेवले. ते नको नको म्हणत असतानाही गजरा वाढत राहिली. अखेर ते कसेबसे उठले, पोटावर हात फिरवत दाराशी आले आणि थांबले.

"माझ्या वहाणा कुठे आहेत?"

"कपाटात ठिवल्यात, मालक. पिशवीत गुंडाळून," गजरा म्हणाली. "नव्या कोऱ्या हायेत. अंगणात लई धूळ हाय."

"अगं, मला शतपावली करायची आहे!"

"करा की. झोपाळ्यावर बसून हितंच पाय हलवा."

"बसून कसली शतपावली? चालल्याशिवाय हे जेवण जिरेल का?"

"आवं मालक, तुमचं एक जेवण जिरंना. त्या गाडीला तर आल्यापास्नं निसतं डिझेल पाजताय आन् सावलीत बसवताय. तिचं कसं जिरावं?"

स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या मुरलीने डोळे गच्च मिटले.

भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. "माणसाची गोष्ट वेगळी! गाडी म्हणजे लोखंड आहे, लोखंड!"

"मग पूजेच्या दिवशी त्या लोखंडाला ववाळून पेढा कुणी भरवला, मालक? दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची कुणी बांधली? खाऊपिऊ घालताना ती घरची लेक, आन् जरा चालवा म्हटलं की लोखंड व्हय?"

माईसाहेबांनी तोंडाला पदर लावला, पण त्यांचे खांदे हलतच होते. भाऊसाहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गजराकडे, आणि त्यांना असं हसू फुटलं की पोट धरून झोपाळ्यावरच बसावं लागलं.

"हरलो!" ते डोळे पुसत म्हणाले. "मुरली, उद्या सकाळी गाडी हायवेला काढ. पण रिकामी पळवायची नाही, डिझेल काही फुकट येत नाही. गजरे, तुझं माहेर कुठं?"

"बार्शीच्या पल्याड, मालक. लई लांब. दोन वर्सं झाली, आईला बघितलं न्हाई." हे सांगताना तिचा आवाज जरा बदलला.

"मग तूच जा. आईला भेटून ये. माईसाहेब, हिच्या आईसाठी साडी काढा." भाऊसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "आणि एका खेपेत दिवा नाही विझला तर?"

"तर दर म्हयन्याला जावं लागंल, मालक," गजरा गंभीर तोंडाने म्हणाली. "तुमच्या गाडीसाठी एवढं करंन मी."

भाऊसाहेब पुन्हा गदगदून हसले. "जा, दर महिन्याला जा!"

शनिवारी पिवळा दिवा टेंभुर्णीच्या अलीकडेच विझला. पण मुरलीने ते मालकांना कळवलं, ते सासूबाईंच्या हातचं जेवून गाडी परत दारात लावल्यावरच.