रथाची चकचकीत खीळ

"हा रथ लढाईत कुठे मोडेल, ते उद्या दरबारात सांगायचं. पण त्याला एक ओरखडाही उमटता कामा नये!"

दुर्गसेन राजाचा हुकूम ऐकून म्हाळू सुताराच्या हातातला वाकस गळून पडला. नवा रणरथ त्यानेच घडवला होता.

"न मोडता कसं कळणार, महाराज?"

"नाही कळलं, तर लढाईत सर्वांत पुढे तूच बस त्यात. मग कळेल!"

म्हाळू घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. बायको सगुणा मुळातच घाबरट. लहानगा लेक किसन्या नुसता शिंकला तरी वैद्याचं दार ठोठावणारी.

"अहो, रथ उलटला तर? घोडे उधळले तर? आणि तुम्हीच वर असाल तर?"

"अगं, तुझे 'तर' संपले की हाक मार. तोवर मी जेवून घेतो."

"माझ्या डोक्यात दुसरं काही पिकतच नाही, त्याला मी काय करू!"

तेवढ्यात कट्‌कन् आवाज झाला. बापाने कालच करून दिलेल्या खेळण्यातल्या गाडीचं चाक किसन्याने उपटलं होतं. सगुणा बघतच राहिली.

"अहो, उठा! रथाच्या छोट्या प्रती करा. तेच लाकूड, तेच सांधे, महाराजांनी हौसेनं चाकांना बसवायला लावलेल्या त्या पितळी खिळीसुद्धा. शत्रूंचं मी बघते!"

शत्रू आले. आळीतली झाडून सगळी शेंबडी पोरं!

दुसऱ्या दिवशी सगुणाने दरबारात मोडक्या रथांची पाटी ओतली.

"महाराज, दांड्या शाबूत, सांधे शाबूत. पण चाकाची खीळ सगळ्या पोरांनी उपटली. बाहेर आलेली, चकचकीत! हात आधी तिथेच जातो."

खिळी लांबून झळकाव्यात, ही खुद्द महाराजांची कल्पना होती.

"पोरखेळ!" राजा गरजला. "माझे शत्रू काय रांगतात?"

सगुणाने हात जोडले. "मी आपली भित्री बाई, चुकलंही असेल. मग असं करू या का? आधी माझ्या किसन्याला खऱ्या रथाच्या खिळीशी खेळू द्या. नंतर युवराजांना आत बसवून घोडे सोडा."

राजा ताडकन उठला. "वेड लागलंय का तुला? खीळ सैल झाली तर? चाक निसटलं तर? रथ कलंडला तर?"

"बघा! मोडला की नाही रथ, महाराज? आणि ओरखडाही नाही!"

राजाने आ वासला. मग असा हसत सुटला की मुकुट कानावर आला.

"खिळी आत ठोका आणि काळ्या रंगवा! म्हाळूला सोन्याचं कडं! आणि बाई, आजपासून राज्यातला नवा रथ, नवा पूल, नवा बुरूज, सगळ्यांची काळजी तू करायचीस. पगारी!"

सगुणाचा चेहरा उतरला.

"पण महाराज, एक दिवस काळजी करण्यासारखं काही उरलंच नाही, तर?"

मुकुट सावरून झाला होता. हसता हसता तो पुन्हा कानावर आला.