गार्डाचा डबा

छोट्या रुळांची मालगाडी केव्हाच बंद पडलेल्या एका गावात मुकुंद सोनटक्के नावाचा घड्याळजी राहत असे. त्याचे वडील त्या गाडीवर गार्ड होते. वडील गेले, रूळही उखडले गेले. पण मुकुंदाला त्या मालगाडीचे हुबेहूब छोटे डबे करण्याचा नाद लागला. पुठ्ठा, पत्रा आणि काडेपेटीच्या काड्या यांतून तो एकेक डबा उभा करी.

राहता राहिला वडिलांचा, शेवटचा, गार्डाचा डबा. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. तिला दिसतंय तोवर तो डबा तिच्यापुढे ठेवायचा, असा ध्यास त्याने घेतला होता. पण त्या डब्याचा एकच फोटो त्याच्याजवळ होता आणि त्यात डब्याची एकच बाजू दिसत होती.

असाच नाद असलेला गावात आणखी एक माणूस होता, इस्माईलभाई तांबोळी. खरं तर दोघांची गट्टी जमायची. पण मुकुंदाच्या मनात संशयाने घर केलं होतं. हा आपला फोटो पळवणार, याची त्याला खात्रीच होती. इस्माईलभाई चहाला आला, की हा त्याची नजर कुठे वळते ते पाही. त्याने कपाट छान आहे म्हटलं, तर फोटो कपाटातून पिठाच्या डब्यात जाई. त्याने खारी आणली, तर ती का आणली असेल, याचा हा दिवसभर विचार करी. दुसऱ्या बाजूचं आईला विचारावं, तर ती बोलता बोलता इस्माईलभाईच्या बायकोला सांगून बसेल, म्हणून तिलाही त्याने काही विचारलं नाही. आता याला काय म्हणावं!

एके दिवशी इस्माईलभाई पाकीट घेऊन आला.

"मुकुंदराव, गार्डाच्या डब्याचा फोटो मिळालाय. तुमच्याकडेही आहे म्हणे. तुम्ही हा बघा, मी तो बघतो."

मुकुंदाच्या मनात आलं, याला कळलं कसं? फोटो खोटा असेल, आपल्याला चकवायला आणला असेल. आणि खरा असला, तर आपलाही दाखवावा लागेल. त्याने पाकीट न उघडताच परत केलं.

"मला गरज नाही."

"मग दुसरी बाजू कशी करणार?"

"या बाजूसारखीच. डबा तो डबा."

इस्माईलभाई हिरमुसला होऊन गेला.

डबा तयार झाला. दोन्ही बाजू सारख्या, फळीला फळी जुळलेली. आईने तो डोळ्यांजवळ धरला, पायरी बोटाने चाचपली आणि ती हसली. मग तिने डबा फिरवला.

"मुकुंदा, ही बाजू कुठली रे? इकडे खिडकी होती. आपलं घर याच अंगाला. गाडी जाताना तुझे बाबा त्या खिडकीतून हात करायचे." तिने डबा खाली ठेवला. "हा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे."

मुकुंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिठाच्या डब्यातला फोटो झटकून तो तडक इस्माईलभाईकडे गेला. तिथे टेबलावर तोच डबा अर्धवट उभा होता. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला कोरा पुठ्ठा.

"ही बाजू मी पाहिलेली नाही, म्हणून केली नाही," इस्माईलभाई म्हणाला आणि त्याने पाकीट पुढे केलं.

मुकुंदाने फोटो बाहेर काढला. खिडकी होती, आणि खिडकीत हात वर केलेले बाबा होते.

"तुमचे वडील असतील असं वाटलं होतं. तेच विचारायला आलो होतो."

मुकुंदाने आपला फोटो टेबलावर ठेवला. मग दोघांनी मिळून मुकुंदाच्या डब्याला खिडकी पाडली.

आईने डबा पुन्हा डोळ्यांजवळ धरला, फिरवला. खिडकी सापडताच तिने हात वर केला.

तात्पर्य: संशयी माणूस आपल्याजवळचं जपत बसतो आणि दारी चालून आलेलं आपलंच माणूस परत पाठवतो.