अंबूताईंचा तंबोरा

"मग माझं काम तुम्ही सात वेळा का मोडायला लावलंत?"

सिद्राम उंबऱ्यातूनच विचारत होता. खांद्याला गवसणीत घातलेला तंबोरा, चपला अजून पायातच.

दौलतसाहेबांनी हातातली कानस खाली ठेवली. मिरजेच्या त्या गल्लीत त्यांना लहानथोर सगळे उस्तादच म्हणत. साठ वर्षं तंबोरे घडवले, पण त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"आधी बस."

"नाही बसत! उणं काम दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? मी तेच केलं. मग तुम्ही केलं ते कसब, आणि मी केलं ते पाप?"

"पाप कोण म्हणालं?"

"अंबूताईंची भाची."

...

"अंबू गेली?"

"महिना झाला, उस्ताद."

तर झालं होतं ते असं. म्हैसाळच्या अंबूताईंचा तंबोरा महापुरात वाहून गेला. तोही उस्तादांच्याच हातचा, ताईंच्या पोरवयातला. बटण दाबलं की वाजणारी पेटी कुणीतरी आणून दिली, तर ताईंनी ती कपाटात टाकली. "यंत्राच्या गळ्यात गळा घालून गाऊ होय मी?" नवा तंबोरा येईल तेव्हाच गायला बसेन म्हणाल्या. उस्तादांनी ते काम सिद्रामवर सोपवलं. त्याचं पहिलंच स्वतःचं काम.

वर्षभरात तंबोरा उभा राहिला. अडलं ते जवारीपाशी. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा केसाकेसाने घासत जायचा, म्हणजे तार नुसती वाजून थांबत नाही, गुंजत राहते. हीच ती जवारी. सिद्राम घासायचा, ऐकायचा, नाक मुरडायचा आणि नवी घोडी घ्यायचा. उस्तादांनी सात घोड्या नापास केल्या, आठवी पसंत केली. सिद्रामला काही ती पसंत पडेना. गल्लीत बोलबाला झाला, की असा कान आणि असा हट्ट पाहिला नाही बुवा. ते ऐकून त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या, हेही खरं.

ताई तीनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा एसटीने, एकट्या. मग काठी टेकत. तिसऱ्यांदा भाचीचा हात धरून. त्या दिवशी भोपळ्याला कान लावून कितीतरी वेळ बसल्या.

"गोड बोलतोय रे. दे आता."

"ताई, मधल्या जोडातली एक तार जरा दबल्यासारखी वाटतीय. आठ दिवस द्या."

"माझाही गळा दबत चाललाय, बाळा. आम्ही दोघं मिळून निभावून नेऊ."

सिद्राम नुसता हसला. आठ दिवसांचे सात महिने झाले.

आज एकदाची मनासारखी जवारी निघाली, म्हणून तंबोरा घेऊन तो म्हैसाळला गेला. भाचीने दार उघडलं. तिने आधी तंबोऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"शेवटी शेवटी मावशी रोज विचारायची, आला का म्हणून. हे पाप कुठं फेडणार आहात? ठेवा तुमचं शंभर नंबरी काम तुमच्याचपाशी."

एवढं बोलून तिने दार लावून घेतलं.

...

"काढ तो बाहेर," उस्ताद म्हणाले.

सिद्रामने गवसणी उतरवली. उस्तादांनी तारा छेडल्या. भिंतीला टांगलेली वाद्यंसुद्धा हलके हलके बोलू लागली.

"तुझी पहिली घोडी मी का फेकली?"

"माथा तिरका होता. पंचम खरखरायचा."

"दुसरी?"

"लाकूड कच्चं होतं. चीर गेली होती."

"तिसरी?"

"तार मध्येच मुकी व्हायची." सिद्रामला सातही तोंडपाठ होत्या.

उस्तादांनी मान डोलावली.

"दर वेळी मी बोट ठेवलं की नाही?"

"ठेवलंत."

"अंबू शेवटची आली, त्या दिवशीची घोडी आहे?"

होती. काढलेली प्रत्येक घोडी सिद्राम एका डब्यात जपून ठेवायचा. उस्तादांनी ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"आता तू ठेव बोट."

सिद्रामचं बोट माथ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. परत आलं. पुन्हा गेलं. कुठे थांबेना.

"उस्ताद... काहीतरी उणं होतं."

"कुठं?"

"म्हणजे... उद्या मैफलीत कुणी विचारलं असतं, हा कुणाच्या हातचा, तर..."

तो तिथेच अडखळला. मग जीभ चावली.



"चूक माझीही आहे," उस्ताद म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ज्याने जवारी काढली त्यानेच तंबोरा हातात द्यायचा, ही आपल्या घरची रीत. दोनदा तुला म्हटलं, देऊन टाक. तू ऐकलं नाहीस, आणि मी रीत सांभाळत बसलो. उचलून नेऊन द्यायला हवा होता मी."

सिद्राम मटकन खाली बसला. चपला तशाच पायात.

"फोडून टाकू का हा?"

"का? काय खोट आहे त्यात?"

"काही नाही, उस्ताद. आता काहीच नाही."

उस्तादांनी तंबोरा उचलला आणि त्याच्या मांडीशी उभा करून दिला. त्याची बोटं धरून तारांवर ठेवली. चारी तारा गुंजू लागल्या. एकही दबलेली नव्हती.

"गा."

"मला... मला गाता येत नाही, उस्ताद."

तारा गुंजत राहिल्या...

"अंबूला येत होतं."