वेशीतलं जातं

फार फार वर्षांपूर्वी, आश्विनातल्या एका दुपारी, दिवस मावळायला दोन कासरे उरले असताना, पठारावरच्या एकुलत्या एका आंब्यावर वीज पडली. बाजरी खुडायला गेलेल्या बायका त्या झाडाखाली आडोशाला उभ्या होत्या. बाकीच्या धडपडत उठल्या. तुळसा उठली नाही.

"दैवी कोप," असं म्हणून राजाच्या दरबाराने हात झटकले. पण लहानमोठ्यांनो, दरबाराने हात झटकले म्हणून गोष्ट संपत नसते. ही गोष्ट त्या दुपारच्या पुष्कळ आधी सुरू होते.

त्या पठाराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या वेशीत, वाटेच्या अगदी मधोमध, एक जुनं जातं रोवलेलं होतं. आभाळात वीज चमकली की वेशीची राखण करणाऱ्या वेसकराच्या घरची बाई जात्याशी बसायची, खुंटा धरायची आणि जात्याच्या संथ घरघरीवर एकच ओवी म्हणायची:

वीज गं लखलखे आभाळाच्या दारी,
मागून येतो भाऊ, त्याची चाल भारी;
भाऊ येण्याआधी ओवी सरली सारी,
तरच माळावरी पाऊल टाक, नारी.

हा भाऊ म्हणजे गडगडाट. वीज आणि गडगडाट ही जुळी भावंडं, एकाच क्षणी जन्मलेली. वीज ज्या वाटेने धावते त्या वाटेवरची हवा पापणी लवायच्या आत लोहाराच्या भट्टीहून कितीतरी तापते, भसकन फुगते, आणि त्या फुगण्याच्या धक्क्याचा आवाज म्हणजे गडगडाट. बहीण उजेडाच्या पायांनी येते. चमकली की पोचलीच. भाऊ आवाजाच्या पायांनी येतो, म्हणून मागे रेंगाळतो. वीज जितकी लांब, तितका भाऊ उशिरा. ओवी सरली तरी भाऊ आला नाही, तर वीज दूर आहे, खुशाल जा. ओवी चालू असतानाच भाऊ आला, तर वीज दाराशी आहे. घरात बसा आणि माळावर गेलेल्यांना शिंग फुंकून खाली बोलवा.

ओवी सरेपर्यंत वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा दंडक होता. मग सगळे थांबत. सावकाराची घोडी थांबे, शेजारी धनगराची शेळी थांबे. भांडलेल्या जावा समोरासमोर उभ्या राहून शेवटी हसत. जात्यातून ताज्या पिठाचा वास येई. कुणी कुणाच्या पोरीसाठी स्थळ सुचवी, कुणी विड्याला चुना मागे. त्या थांबण्यात गावाचं किती सुख होतं, हे ते थांबणं गेल्यावर गावाला कळलं.

गिरजा या वेसकराच्या घरची सून. ओवी तिला सासूने शिकवली.

"ओवी पळवू नकोस बाई. जातं नेईल तशी जा," सासू म्हणे.

"का हो आत्याबाई?"

"माझ्या सासूने सांगितलं म्हणून."

म्हणजे दंडक उरला होता, कारण हरवलं होतं. सासू गेली आणि खुंटा गिरजाच्या हाती आला. तिची नणंद तुळसा उफाड्याची, हसरी, विळा कमरेला खोचून सगळ्यांच्या पुढे उभी.

"वहिनी, तुझी ओवी म्हणजे गोगलगाय गं! तोवर बाजरी पाखरं खातील."

"खाऊ देत. उरलेली तू खा, म्हणजे तोंड बंद राहील."

एकदा काय झालं, राजाची पालखी वेशीशी आली आणि लांब डोंगराआड वीज चमकली. गिरजाने खुंटा धरला. पालखी थांबली. भोई घाम पुसत राहिले. ओवी सरली, भाऊ काही आला नाही आणि पालखी पुढे गेली. पण पालखीचा पडदा दोनदा हलला होता आणि कारभाऱ्याच्या कपाळावर आठी चढली होती.

"एका बाईच्या ओवीसाठी राजाने ताटकळायचं?" कारभारी म्हणाला. "आणि भ्यायचं कशाला? गर्जेल तो पडेल काय!"

ओवी बंद करणं बरं दिसलं नसतं. म्हणून दरबाराने ओवीचा सन्मान केला. दरबारी गवयाने तिला उडती चाल बांधली, साथीला डफ दिला. जातं पालखीच्या वाटेत येतं म्हणून उचलून गिरजाच्या परसात नेऊन टाकलं. दवंडी पिटली: शब्द तेच, दंडक तोच, चाल नवी. गिरजाला जरीकाठी लुगडं मिळालं.

तिलाही ती चाल आवडली, हे सांगायलाच हवं. डफावर थाप पडली की चार ओळी भुर्रकन उडत. पोरं नाचत. तुळसा टाळ्या पिटत म्हणे, "आता कशी शोभतेस, वहिनी!"

आणि मग आश्विनातली ती दुपार आली. वीज लखलखली. डफ वाजला. जरीकाठी लुगड्यातल्या गिरजाने ओवी म्हटली आणि ती सरलीसुद्धा. त्यानंतर कुठे आभाळ गडगडलं.

"बघ, भाऊ मागंच राहिला!" तुळसा हसली आणि बायकांना घेऊन माळावर गेली. पाऊस आला. माळावर आडोसा एकच, तो आंबा. आणि मोकळ्या माळावर सगळ्यांत उंच तोच. वीज तिथेच उतरली.

तुळसाचं दिवसकार्य आटोपलं. एका संध्याकाळी घरातलं पीठ संपलं म्हणून गिरजा परसातल्या जात्याशी बसली. वीज चमकली. सवयीने ओवी ओठांवर आली आणि जात्याच्या घरघरीला लागून आपसूक संथ झाली. दुसरी ओळ सरते न सरते तोच भाऊ आला.

गिरजाचा हात खुंट्यावर थांबला. त्या दुपारीही भाऊ एवढाच उशिरा आला होता. तो मागे राहिलाच नव्हता. ओवीच त्याच्यापुढे पळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती चावडीवर गेली. राजा होता, कारभारी होता, गवई होता, सगळा गाव होता.

"विजेला कोण आवरणार, बाई?" कारभारी म्हणाला. "ते आभाळाचं काम."

"आभाळाला मी काही विचारत नाही, सरकार. जात्याचं विचारते. ओवी कुणी पळवली?"

गवई म्हणाला, "मला उडती चाल मागितली, मी बांधली."

"कुणी मागितली?"

"वरून."

कारभाऱ्याने राजाकडे पाहिलं. "स्वारीची इच्छा होती."

राजा म्हणाला, "आम्ही काहीही म्हणालो नाही. उशीर होतोय, एवढंच म्हणालो."

जातं उचलणारे गडी म्हणाले, "आम्ही हुकमाचे ताबेदार." हुकूम कुणाचा, ते त्यांना आठवेना. मागून कुणीतरी पुटपुटलं, "नाचलो तर आपणही." पण नाव विचारल्यावर तो गर्दीत मागे सरकला.

गिरजाने काखेतलं जरीकाठी लुगडं काढलं, घडी नीट केली आणि चावडीच्या पायरीवर ठेवलं.

"चाल मी गायले. लुगडं मी नेसले. माझ्या वाट्याचं उत्तर हे. आता तुम्ही तुमच्या वाट्याचं ठेवा."

कुणी काही ठेवलं नाही.

गावाने मात्र दरबाराची वाट पाहिली नाही. बायकांनीच पहारी लावून जातं परत वेशीत आणलं आणि जुन्या जागी रोवलं. आता लेकीसुनांना ओवी शिकवताना कारणही शिकवतात. वीज चमकली की पुन्हा घोडी थांबते, शेळी थांबते, पालखीही थांबते. फक्त सगळ्यांच्या पुढे विळा खोचून उभ्या राहणाऱ्या, गोगलगाय म्हणून चिडवणाऱ्या तुळसाची ती एक जागा रिकामी असते. ओवी म्हणताना गिरजा तिकडे पाहत नाही.

तात्पर्य: इशाऱ्याला लागणारा वेळ हाच इशारा असतो, मोठ्यांच्या घाईपायी तो कापला की उरतं ते नुसतं गाणं.

लुगडं अजून चावडीच्या पायरीवर आहे. ऊन-पावसाने त्याची जर काळी पडली आहे. जातं उचलायचा हुकूम कुणी दिला, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.