झुंबरशेठची मुकी हलगी

"माझ्या वाढदिवसाला एक माणूस आला नाही! एकसुद्धा!" राजा रणधीरसेन भर दरबारात ओरडला. "भिवा, दवंडी पिटली होतीस की नाही?"

"पिटली, महाराज. गल्लोगल्ली पिटली," दवंडीवाला भिवा हात जोडून म्हणाला. "पण हलगीच वाजत नाही. ऑनलाइन घेतलीय."

दरबारातले सगळे झुंबरशेठकडे बघू लागले. राज्यात ऑनलाइन दुकान एकच, झुंबरशेठचं, आणि त्यात निम्मा वाटा खुद्द राजाचा! सरकारी चाकरांनी जुन्या वस्तू जमा करायच्या आणि नव्या तिथूनच मागवायच्या, असा हुकूमच होता.

"मग परत का नाही केलीस?"

भिवाच्या पाठीमागून त्याची मुलगी हौसा पुढे आली. पोरगी अशी भित्री, की ताटलीत चमचा पडला तरी दचकायची. पण आबांची चाकरी जायची वेळ आली होती.

"तक्रार केली होती, महाराज," ती चाचरत म्हणाली. "उत्तर आलं, 'आवाज येत नाही याचं रेकॉर्डिंग पाठवा.' पाठवलं. तर म्हणाले, 'तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजच नाही. ते बिघडलंय, पुन्हा पाठवा!'"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

"पुढे?"

"पुढे म्हणाले, वाजवून बघितलीत म्हणजे वापरलीत. वापरलेला माल परत घेत नाही."

"नियम म्हणजे नियम!" झुंबरशेठ अंगठ्या चाळवत उठला. "आणि महाराज, आमची हलगी दणदणीत वाजते. यांच्याच मनगटात जोर नाही."

हौसानं तिथल्या तिथं आबांच्या हातातल्या हलगीवर काडी मारली. फस्स! उशीवर थाप मारावी तसा आवाज झाला.

राजानं शेठकडे पाहिलं. मग आपला निम्मा वाटा आठवून तो म्हणाला, "आला की थोडासा आवाज. काय प्रधानजी?"

"थोडासा? माझ्या तर कानठळ्या बसल्या, महाराज!" प्रधानजींनी दोन्ही कान झाकले.

"मी दचकले नाही, महाराज," हौसा हळूच म्हणाली. "मी तर चमच्यालाही दचकते."

"गप्प!" राजा हट्टाला पेटला. "गेल्याच महिन्यात याच हलगीवर माझ्या तीन नव्या करांची दवंडी पिटली. रीत काय आहे? दवंडी झाली, की दिवस मावळायच्या आत हरकत घ्यायची. नाही घेतली, तर हुकूम कायम! एकानं तरी हरकत घेतली? नाही! म्हणजे रयत खूश आहे आणि हलगीही वाजते. तरी तुला संधी देतो. ही वाजत नाही, असं उद्या दरबारात शेठनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं पाहिजे. म्हटलं तर पैसे परत. नाहीतर तुझ्या बापाची चाकरी गेली!"

"माझ्या तोंडून?" शेठ पोट हलवत हसला. "पुढच्या जन्मी ये, पोरी!"

हौसानं आबांच्या हातातली हलगी घेतली. "महाराज... मला एक दवंडी पिटायची परवानगी द्याल? याच हलगीवर?"

"कसली दवंडी?"

"द्या की, महाराज!" शेठच मध्ये बोलला. "हवी ती पिटू दे. फुकटात जाहिरात होईल आमच्या मालाची!"

"दिली परवानगी!" राजा म्हणाला. रीतीप्रमाणे एक हवालदारही सोबत दिला.

टळटळीत दुपारी हौसा झुंबरशेठच्या दारात उभी राहिली. शेठ समोरच ओसरीवर झोपाळ्यावर बसून चकली खात होता. पाठ तेवढी दाराकडे.

फस्स! फस्स! फस्स!

हलगी ऐकून लोक बाहेर येतात आणि मग हुकूम वाचायचा, ही रीत. बाहेर आली फक्त एक शेळी. हौसानं शेळीकडे बघून आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात सांगितलं, "ऐका हो ऐका! झुंबरशेठचं गोदाम, सगळ्या मालासकट, आजपासून भिवा दवंडीवाल्याचं! कोणाची हरकत असेल, त्यानं दिवस मावळायच्या आत दरबारात यावं!"

हवालदाराचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. पण त्याची न वाजणारी शिट्टीही त्याच दुकानातली होती. त्यानं मिशीत हसून तोंड मिटून घेतलं.

आत चकली कुडुमकुडुम वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला.

"काय ग पोरी, वदवलंस का शेठकडून?" राजानं विचारलं.

"ते राहू द्या, महाराज. आधी गोदामाच्या किल्ल्या द्यायला सांगा."

"कसल्या किल्ल्या?" शेठ ओरडला.

"काल तुमच्या दारात दवंडी झाली, शेठजी. गोदाम आमच्या आबांचं झालं. दिवस मावळेपर्यंत तुमची हरकत आली नाही."

हवालदारानं मान डोलावली. "माझ्यासमोर पिटली, महाराज. एक शेळीही हजर होती."

"खोटं! साफ खोटं!" शेठ लालबुंद झाला. "मी दुपारभर ओसरीवर होतो! दवंडी झाली असती तर मला ऐकू आली नसती?"

हौसानं हलगी दोन्ही हातांनी वर धरली.

"हीच हलगी होती, शेठजी. आता तुम्हीच ठरवा! वाजते म्हणालात, तर गोदाम आमचं. वाजत नाही म्हणालात, तर पैसे आमचे!"

शेठनं राजाकडे पाहिलं, आपल्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे पाहिलं आणि तो किंचाळला, "नाही वाजत! मेली खोक्यातून निघाल्यापासून मुकी आहे!"

राजा असा खदखदून हसला की मुकुट कानावर आला. "वदवलंस ग, वदवलंस! भिवाची चाकरी कायम! पैसे परत, जुनी हलगीही परत!"

"अजून एक होतं, महाराज," हौसा म्हणाली. "तुमच्या करांची दवंडीही याच हलगीवर झाली होती."

राजानं हसू आवरून मुकुट सरळ केला. त्यानं प्रधानजींकडे पाहिलं.

"मला तर पहिल्यापासूनच काही ऐकू आलं नव्हतं, महाराज!" प्रधानजी घाईघाईनं म्हणाले.

करांची दवंडी पुन्हा पिटावी लागली. या वेळी भिवाच्या जुन्या हलगीवर. आणि दिवस मावळायच्या आत हरकती घेऊन अख्खं गाव राजवाड्यावर लोटलं! पार वेशीपर्यंत रांग!

सज्जातून राजा बघतच राहिला. मग शेजारी उभ्या हौसाकडे बघून त्याला पुन्हा हसू फुटलं. "पोरी, एवढी माणसं तर माझ्या राज्याभिषेकालाही नव्हती! जा, कर माफ! आणि दुकानातला माझा निम्मा वाटा आजपासून तुझा!"

"मग तक्रारी कोण ऐकणार, महाराज?" मागे उभ्या झुंबरशेठनं घाबरून विचारलं.

"मी ऐकणार," हौसा म्हणाली. "बारीकसा आवाजसुद्धा मला ऐकू येतो, शेठजी. लगेच दचकते मी!"