रूथबाईंनी घरी मांडलेली शाळा

“मग माझं चुकलं काय, पाळकबाबा?”

रूथ थोरातचा आवाज चढला आणि लगेच बसला. पंधरा दिवस ती हाच प्रश्न नवऱ्याला, सासूला, हेडमास्तरांना विचारत आली होती. आता भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

म्हातारे पाळक मलाखी साळवे समोर खुर्चीत बसले होते. सलग दोन रविवार रूथ उपासनेला दिसली नाही, म्हणून काठी टेकत तेच तिच्या घरी आले होते. लहानपणी तिला पवित्र शास्त्र त्यांनीच शिकवलेलं.

“चुकलं असं मी कुठे म्हटलं?”

“शाळेच्या व्हरांड्याचं छत खचतंय म्हणून तीन अर्ज दिले मी. कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी भर प्रार्थनेच्या वेळी कोसळलं. माझ्याच वर्गावर.”

“हं...”

“माझी हॅना दोन हात लांब होती, बाबा. दोनच हात! तिला परत तिथं कशी पाठवू? माझाही राजीनामा लिहून ठेवलाय. आता सकाळी आम्ही मायलेकी स्तोत्र वाचतो, मग पाढे, मग मराठी. झोपेत दचकायची पोर, ती शांत झोपते. अडखळत वाचायची, आता घडाघडा वाचते. देवाचं भय, आईची माया आणि डोक्यावर धड छप्पर. आहे हे शाळेत?”

“नाही.”

इतक्या सरळ उत्तराची तिला अपेक्षा नव्हती.

पाळकबाबांनी हॅनाला हाक मारली, वाचायला लावलं. डोळे मिटून पूर्ण अध्याय ऐकला.

“चांगलं शिकवतेस.”

पंधरा दिवसांत कुणी तिला बरं म्हटलं नव्हतं. रूथचे डोळे भरून आले.

हॅना आत गेली.

“ती मुलगी... छताखाली सापडलेली. कशी आहे?”

“मोहिनी? मांडीपर्यंत प्लास्टर आहे. तीन महिने तरी म्हणतात.”

“तिला कोण शिकवतं?”

मोहिनीचं घर पलीकडच्याच गल्लीत होतं. पण त्या दिवसापासून रूथ तिकडे फिरकली नव्हती. त्या सकाळी मोहिनी रांग मोडून उभी होती. तिचा दंड धरून, छत कोसळलं त्या जागी तिला रूथनेच उभं केलं होतं.

“कुठल्या तोंडाने जाऊ, बाबा?”

पाळकबाबा काठीच्या आधाराने उठले. कोपऱ्यात हॅनाची अभ्यासाची सतरंजी होती, एका माणसापुरती दुमडलेली. म्हातारा कण्हत वाकला, घडी उलगडली आणि सतरंजी पार भिंतीपर्यंत ओढली.

“राहू द्या, मी करते...” रूथ म्हणाली. पण तिला जागचं हलवेना.

“मोहिनीला पाय लांब करून बसावं लागेल.”